दिवे वाचणारे भाऊजी

गाडी दुरुस्तीला आली की ते बॉनेटला हात लावत नसत. आधी चपला काढून ड्रायव्हरच्या सीटवर बसायचे, दार ओढून घ्यायचे आणि स्टिअरिंगच्या मागे जिथे काटे-आकडे दिसतात तिथे दोन्ही तळव्यांची सावली धरायचे. ऊन असो वा नसो. मग बटण दाबायचे. काचेमागे लाल, पिवळे, हिरवे असे सगळे दिवे एकदम पेटायचे आणि दोन-चार सेकंदांत विझायचे. तेवढ्या वेळात त्यांचे ओठ हलत असायचे. ते दिवे मोजायचे.

"आदी समदे पेटू द्या," ते गाडीमालकाला सांगायचे. "कोन पेटून राहिला त्याचं मागून बगू. कोन पेटला न्हाई, त्याची चौकशी आदी."

तुम्ही नांदेडच्या रस्त्याने आखाडा बाळापूरवरून कधी गेला असाल तर त्यांचं दुकान पाहिलंही असेल. पुढे जुन्या टायरवर उभी केलेली पाटी, आत भिंतीला लटकणारे हॉर्न आणि वायरींची भेंडोळी. आधी ट्रॅक्टर आणि जीपच्या वायरिंगचं काम होतं. पुढे बिनआवाजाच्या गाड्या आल्या आणि त्यांचंही काम तिथेच होऊ लागलं. लोक त्यांना लाईटमास्तर म्हणत. माझे मिस्टर आणि ते शाळेत एका बाकावर बसलेले, म्हणून मी भाऊजी म्हणायचे आणि ते मला वहिनी.

या माणसाने मला फसवलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्यांचं कौतुक करू लागले की तुम्हाला मी भोळी वाटणार नाही. कौतुक करायचं तर आहेच. त्याशिवाय नुकसान किती झालं ते कळणार नाही.

इलेक्ट्रिक गाड्या आमच्या भागात दिसू लागल्या तेव्हा बाकीचे मिस्त्री हसायचे. यात इंजिनच नाही तर दुरुस्त काय करायचं, असा त्यांचा हिशेब. भाऊजी हसले नाहीत. त्यांनी कुठून तरी अशा गाड्यांची इंग्रजी माहितीपुस्तकं मिळवली आणि एका रविवारी दुपारी ती पिशवीत घालून कळमनुरीला आमच्या घरी आले.

"जयभीम वहिनी. तुमी कॉलेजात शिकवता. मला येवढं वाचून दावा."

मी बाळापूरच्या कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. गाडीतलं मला काही कळत नव्हतं. पण इंग्रजी कळत होतं आणि त्यांना गाडी कळत होती, त्यामुळे आमचं जमलं. मी वाक्य वाचायचे, अर्थ सांगायचे, आणि ते तो अर्थ आपल्या भाषेत वळवून माझ्याकडून पास करून घ्यायचे. मिस्टर पेपर तोंडासमोर धरून ऐकत असायचे आणि सासूबाई सगळ्यांना चहा द्यायच्या. असे किती रविवार गेले ते मी मोजले नाहीत.

एका रविवारी त्यांनी मला अडवलं. "थांबा. इथं 'मे' लिवलंय का 'मस्ट'?"

मी पाहिलं. 'मे' होतं.

"बराबर. पिवळ्या दिव्याच्या कलमात 'मे' असतंय. लाल दिव्याच्या कलमात 'मस्ट'. मी बगून राहिलो कवापासून."

इंग्रजीचा एवढा नेमका विद्यार्थी मला वर्गात मिळाला नाही. त्याच दुपारी त्यांनी सगळ्या पुस्तकांचं सार तीन तुकड्यांत बसवलं आणि पुढे येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच ऐकवलं: "हिरवा म्हंजे चाल, पिवळा म्हंजे इचार, लाल म्हंजे उतार." मी विचारलं, निळ्याचं काय? ते म्हणाले, "निळा म्हंजे तुमची लाईट समोरच्याच्या डोळ्यात चाल्ली. शिव्या खायच्या आदी खाली घ्या."

शिरड शहापूरकडच्या एका बागायतदाराने नवी इलेक्ट्रिक गाडी घेतली होती. त्याचा फोन आला तेव्हा मी दुकानातच बसले होते. "मास्तर, गाडीत कासव निघालं!" भाऊजींनी विचारलं, "काचेतलं का खरं?" काचेतलंच होतं. बॅटरी फार उतरली किंवा फार तापली की गाडी आपली ताकद कमी करते आणि तसं कळवायला पिवळं कासव दाखवते. बागायतदार कसाबसा दुकानापर्यंत आला. भाऊजींनी आत डोकावलं तर कासवाच्या वरच काचेला हळदकुंकू लावलेलं. शेजारी मालकीणबाई हात जोडून बसलेल्या.

भाऊजींनी खांद्यावरच्या रुमालाने काच हळूच पुसली. "काकू, हे देवळातलं न्हाई. बॅटरीचं हाय. चारा मागून राहिलं."

एक निवृत्त गुरुजी होते. हायब्रिड गाडीचं बटण दाबायचे, आवाज येत नाही म्हणून पुन्हा दाबायचे, म्हणजे गाडी बंद व्हायची. असं अर्धा तास चाललं. भाऊजींनी त्यांचं बोट धरून काचेवरच्या हिरव्या अक्षरांवर टेकवलं. "गुर्जी, हे 'रेडी' दिसलं की गाडी जागी हाय. ती बोलत न्हाई म्हून झोपली समजू नगा. उतरताना इजवून उतरा, न्हाई तं तुमी देवळात आन् गाडी तळ्यात."

आणि एक प्रसंग मला विसरायचा आहे, पण तो जात नाही. जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणारा एक माणूस दुकानात आला. त्याच्या गाडीत पिवळा दिवा लागून राहिला होता आणि दुपारी गिऱ्हाईक यायचं होतं. तेवढ्यापुरता दिवा घालवून द्या, म्हणाला. मिशीन लावून गाडीच्या पोटातली तक्रार पुसली की दिवा जातो. दुखणं तसंच राहतं आणि दिवा काही दिवसांनी परत येतो, पण तोवर गिऱ्हाईक गाडी घेऊन गेलेलं असतं.

भाऊजी उभे राहिले. एवढ्या मोठ्यांदा बोलताना मी त्यांना ऐकलं नव्हतं. "उद्या त्यात कुनाचं लेकरू बसंल! मी दिवे वाचायची मजुरी घेतो, फुकायची न्हाई. काढ गाडी."

तो माणूस गेल्यावर ते बराच वेळ हात पुसत राहिले. मला वाटलं होतं, सचोटी दिसायला अशी असते.

मिस्टर गेले तेव्हा भाऊजींनी काय काय केलं ते सांगत बसत नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी अंगणातल्या मंडपाची वायर त्यांनीच ओढली आणि जेवणावळ उरकेपर्यंत एका कोपऱ्यात उभे राहिले. त्यानंतरही रविवार चुकला नाही. पुस्तकं वाचून संपली होती. तरी यायचे, सासूबाईंशी गप्पा मारायचे, चहा प्यायचे, जायचे. मला म्हणायचे, "वहिनी, बसच्या भरवशावर किती दिस काढता? आता हातात गाडी पायजे."

सेहेचाळिसाव्या वर्षी मी गाडी शिकले. क्लच आणि ब्रेक ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकले, पण काचेमागचे दिवे भाऊजींनी शिकवले. दुकानात येईल त्या गाडीत बसवून परीक्षा घ्यायचे. हा कुठला? बारक्या बॅटरीचा, लाल आहे, म्हणजे चार्ज होत नाही. हा? प्लगचं चित्र, वायर अजून लावलेली आहे. हा त्रिकोण? गाडीला काहीतरी सांगायचंय, दुसरा दिवा शोधा. चुकले की म्हणायचे, "कॉलेजातल्या पोरायला नापास करता ना? मग ऐका आता."

आमच्या गल्लीत घरापुढे गाडी लावायला जागा नाही. ती चौकात लावावी लागते, चार्जिंगची वायर तिथवर न्यायची कशी? म्हणून हायब्रिड घ्या, असं त्यांनीच सांगितलं. पेट्रोलही चालतं, बॅटरीही चालते, गाडी आपली आपण चार्ज होते. नवी झेपणार नव्हती. "घाई करू नगा. मी बगून देतो. मी बगितल्याबिगर घेऊ नगा."

थंडी सरता सरता त्यांचा फोन आला. वाशीमकडच्या एका पार्टीची गाडी आहे, चांगली आहे, या.

मी गेले. पांढरी गाडी दुकानासमोर धुऊन पुसून उभी होती. पार्टी आलेली नव्हती. भाऊजी चपला काढून आत बसले, दार ओढलं, तळव्यांची सावली धरली, बटण दाबलं. मी खिडकीतून वाकून पाहत होते. सगळे दिवे पेटले, त्यांचे ओठ हलले, सगळे विझले. मग एक हिरवं 'रेडी' तेवढं राहिलं.

"बगा वहिनी. आभाळ साफ हाय."

मी माझ्या सवयीप्रमाणे गाडी किती किलोमीटर चालली तो आकडा आणि तारीख डायरीत लिहून घेतली. इतिहासाच्या माणसाला नोंदीचा नाद असतो, त्यात संशय नव्हता. दुसरं काहीही मी विचारलं नाही. पैसे, कागदपत्रं सगळं त्यांच्यावर सोपवलं आणि गाडी घरी आणली.

पुढचे दोन महिने माझे फार चांगले गेले. कळमनुरी ते बाळापूर रोज स्वतः चालवत जायचे. सिग्नलशिवायच्या त्या रस्त्यावर मला उगाच इंडिकेटर द्यावासा वाटायचा. सासूबाईंना आठवडी बाजाराला गाडीने नेलं तेव्हा त्यांनी खिडकीची काच खाली करायला लावली, बाहेर ओळखीचं कुणी दिसेना म्हणून खट्टू झाल्या आणि मला परत एक चक्कर मारायला लावली. गाडी नुसत्या बॅटरीवर चालू लागली की काचेत हिरवी अक्षरं यायची आणि आवाज बंद व्हायचा. सासूबाई म्हणायच्या, "आता कशी गप् चाल्ली. पोरगी शानी हाय."

एप्रिलच्या एका सकाळी त्यांचे डोळे दाखवायला नांदेडला निघालो. एवढा लांबचा प्रवास त्या गाडीत पहिल्यांदाच. डॉक्टरांकडे उशीर झाला आणि परतीला दुपारचं ऊन डोक्यावर आलं. बाळापूर अजून लांब होतं तेव्हा काचेत पिवळा त्रिकोण आला. पिवळा म्हणजे विचार. कडेला घ्यावं असा विचार मी करत होते, तोवर त्याशेजारी लाल दिवा लागला, हायब्रिड सिस्टीम तपासा असं इंग्रजी वाक्य आलं आणि पायाखालचा एक्सीलरेटर मेल्यासारखा झाला. दाबला तरी गाडी ओढेना. पुलाचा चढ होता. गाडी हळू होत होत तिथेच थांबली, अर्धी रस्त्यावर.

मागून येणारे हॉर्न मारत बाजूने जात होते. मला आधी वाटलं, परत चालू करून पाहावं. पण कानात ते तीन तुकडे वाजले आणि तिसरा तुकडा म्हणत होता, उतार. मी चारही इंडिकेटर एकदम चालू केले, उतरले, वळसा घालून सासूबाईंचं दार उघडलं.

"आई, उतरा."

"ऊन किती हाय बाई. बसते की मी."

"उतरा म्हणते ना!"

मी त्यांना ओढलंच. त्या उतरताना अडखळल्या आणि हातावर पडल्या. मी त्यांना उचलून कठड्याकडे नेत होते तेवढ्यात मागून ऊस रिकामा करून परतणारा ट्रक आला. त्याने ब्रेक मारला, पण वजन थांबेना. आमच्या गाडीची मागची डावी बाजू, जिथे सासूबाई बसल्या होत्या त्याच्या हातभर मागे, आत गेली. गाडी फूटभर पुढे सरकली आणि परत गप्प झाली.

ट्रकवाला उडी मारून उतरला आणि आधी आमच्या गाडीत डोकावला. "कोई अंदर तो नहीं था ना, मॅडम?"

कुणी नव्हतं. सासूबाईंचं मनगट मोडलं होतं, एवढंच. मला त्या क्षणी भाऊजींचे पाय धरावेसे वाटले. त्यांच्या वाक्याने आम्ही वाचलो होतो. मी तिथूनच त्यांना फोन लावला. रिंग वाजत राहिली. परत लावला. परत. मिस्टर गेल्यापासून माझा फोन त्यांनी उचलला नाही असं झालं नव्हतं. मला वाटलं, कुठल्या तरी गाडीखाली असतील.

ट्रकवाल्यानेच दुसरी गाडी थांबवून आम्हाला नांदेडला परत पाठवलं. सासूबाईंच्या हाताला प्लास्टर झालं. गाडी ओढून तिथल्याच एका वर्कशॉपमध्ये नेली. दोन दिवसांनी मी गेले तेव्हा तिथल्या मिस्त्रीणबाईंनी, हो, बाईच होत्या, निळ्या डगल्यातल्या, गाडीला मिशीन लावलं होतं.

"मॅडम, हायब्रिडची मोठी बॅटरी कमजोर आहे. आजची नाही, जुनी तक्रार आहे. मध्ये कुणीतरी पुसलीय."

"कधी?"

"तारीख नाही सांगता येत. पण पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली ते आत राहतं." त्यांनी आकडा वाचला.

मी पर्समधून डायरी काढली. गाडी आता किती चालली ते त्यांना विचारलं, त्यातून त्यांचा आकडा वजा केला आणि डायरीतल्या त्या दिवसाच्या नोंदीशी ताडून पाहिला. दोन किलोमीटरचा फरक आला. म्हणजे मी दुकानात पोचायच्या आधी तक्रार पुसायची आणि दिवा परत येत नाही ना हे पाहायला एक किलोमीटर जाऊन परत यायचं, एवढंच अंतर.

मी दुसऱ्यांदा वजाबाकी केली. मग तिसऱ्यांदा. मिस्त्रीणबाईंनी मला खुर्ची दिली.

दुसऱ्या दिवशी मी बसने बाळापूरला उतरले. भाऊजी दुकानात एका ट्रॅक्टरच्या लाईटला वायर जोडत होते. मला पाहिलं आणि वायर हातात तशीच धरून उभे राहिले.

"मावशीचा हात कसा हाय?" सासूबाईंना ते मावशी म्हणत.

"म्हणजे तुम्हाला कळलंय. मग फोन का नाही उचलला?"

मी डायरी उघडून पानावर बोट ठेवलं आणि वजाबाकी वाचून दाखवली. त्यांना इंग्रजी वाचून दाखवायचे तशीच, सावकाश.

"दोन किलोमीटर कुठे गेला होता, भाऊजी?"

"वळनापोत्तर," ते म्हणाले. मग खाली बसले. "गाडी वाशीमची न्हाई. जावयाची हाय. ईकून दे म्हनला. न्हाई तं तुझी पोरगी घरी आनून टाकतो म्हनला. दोनदा मारून लावून दिली होती त्यानं. मी काय करू, वहिनी?"

"मला सांगायचं. मी नसती घेतली का? बॅटरी बदलून घेतली असती. निदान पुलावर तरी गेले नसते."

"साल-दीड साल काढंल वाटलं. तुमी हळू चालवता. बाळापूर-कळमनुरी, येवढंच तं जानं-येनं."

"त्या दिवशी मी खिडकीतून पाहत होते. तुम्ही दिवे मोजत होता."

त्यांनी मान हलवली. "मोजत नव्हतो. नुसते ओठ हलवून राहिलो."

रस्त्यावरून बस गेली, तिची धूळ आत येऊन बसली. मला जायचं होतं, पण एक गोष्ट कळत नव्हती आणि ती कळल्याशिवाय पाय निघेना.

"एवढी माणसं येतात तुमच्याकडे. मीच का? काहून मीच, भाऊजी?"

माझ्या तोंडून त्यांच्या बोलीतला 'काहून' आला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं.

"दुसऱ्यानं इचारलं असतं," ते म्हणाले. "कागद मागितले असते, आनखी कुनाला दावली असती. तुमी इचारनार न्हाई, हे ठावं होतं मला."

मी बस मिळेपर्यंत स्टँडवर उभी राहिले. रडू आलं नाही. त्या माणसाला माझ्यातलं एवढं नीट वाचता येत होतं, आणि त्याचा त्याने हा उपयोग केला, हेच मनात फिरत राहिलं. गाडी फुटल्याचं मला काही वाटेना. मिस्टर गेल्यावर ज्याच्यापुढे मी निर्धास्त बसले असा तो एकच माणूस होता.

पुढच्या रविवारी ते आले. मी आतल्या खोलीत जाऊन बसले. सासूबाईंनी डाव्या हाताने त्यांना चहा करून दिला. मला कपबशीचा आवाज ऐकू येत होता. ते म्हणाले, "मावशी, हातावर मारा मला." सासूबाई म्हणाल्या, "एकच हात धड हाय. तो तुला च्या द्यायला लागतोय."

ते येत राहिले. गाडी त्यांनी नांदेडहून ओढून आणवली, तिचा मागचा पत्रा सरळ करून घेतला. मोठी बॅटरी कुठून आणली, कशी आणली, मी विचारलं नाही. जबर करंटच्या नारंगी वायरींना हात घालायला रबरी मोजे घालून त्यांनी ती चार रविवार खपून आमच्या चौकातच बसवली. मी खिडकीतूनही पाहिलं नाही. त्या दिवसांत सासूबाईंकडून कळलं की जावयाने पोरीला शेवटी आणून टाकलंच. गाडी विकून झाली होती, पण त्याला आणखी काही हवं होतं. ती बापाकडे आली ती कपड्याच्या एका पिशवीनिशी. म्हणजे ज्याच्यासाठी त्यांनी मला विकलं, तेही त्यांच्या हाती राहिलं नव्हतं. हे ऐकून मला बरं वाटलं असतं, तर गोष्ट सोपी झाली असती.

शेवटच्या रविवारी त्यांनी दारात उभं राहून किल्ली पुढे केली. मी घेतली.

"झालं, वहिनी. आता काही न्हाई तिच्यात."

ते थांबले. मी काहीतरी बोलेन म्हणून थांबले असावेत. मी किल्ली मुठीत धरून उभी राहिले. मग ते पायऱ्या उतरून गेले.

सोमवारी मी कॉलेजातून रजा काढली आणि गाडी घेऊन सरळ नांदेडला त्या मिस्त्रीणबाईंकडे गेले. त्यांनी मिशीन लावलं, खाली वाकून पाहिलं, परत मिशीन लावलं. काम चोख आहे म्हणाल्या, आमच्याकडेही याहून नीट झालं नसतं. आणि सहज विचारलं, "कोणी केलं हे? आम्हाला असा माणूस हवाय." मी दुकानाचा पत्ता सांगितला. त्यांनी फोन करून भाऊजींची चौकशी केली तेव्हा मी गाडी तपासायला आणली होती हेही सांगितलं असणार, कारण त्यानंतरच्या रविवारी ते आले नाहीत. पुढच्याही नाही.

सासूबाईंनी वाट पाहिली. एका दुपारी मला म्हणाल्या, "तो काहून येत न्हाई?"

"आई, त्यांनी आपल्याला फसवलं."

"तुला फसवलं, बाई. माझा हात मोडला, तो जुळला. मला च्या प्यायला सोबत होती त्याची." आणि वाकड्या जुळलेल्या मनगटाने तांदूळ निवडत बसल्या.

पावसाळ्यात कळलं की दुकान बंद झालं. पोरीला घेऊन ते पुण्याकडे गेले. कुठल्याशा वर्कशॉपमध्ये लागलेत, तिलाही तिथेच काऊंटरवर काम मिळालंय म्हणतात. जायच्या आधी त्यांचा एकदा फोन आला होता. मी वर्गात होते, असं मी स्वतःला सांगते. खरं म्हणजे तास सुटला होता, फोन हातात होता आणि मी त्याच्याकडे पाहत होते.

गाडी आजही चांगली चालते.

परवा स्टाफरूममध्ये भूगोलाचे सर म्हणत होते, जुनी इलेक्ट्रिक गाडी बघितलीय, पण काचेत कसले कसले दिवे लागतात, काही कळत नाही. आपल्या बाजूला कुणी जाणता, भरवशाचा माणूस आहे का?

"बाळापूरला एक होते," मी म्हणाले. "त्यांच्याइतकं कुणाला कळायचं नाही."

"होते म्हणजे?" सरांनी आवाज खाली आणला. "वारले का?"

मी मानेनेच नाही म्हणाले. सर पुढचं ऐकायला थांबले होते. घंटा झाली होती. मी खडू आणि हजेरीपट उचलला आणि वर्गावर गेले.